फणसाच्या लाकडाचा लॅपटॉप, खाऱ्या हवेत चालणारा

(टेबलावर एक बंद लाकडी डबा. हात पुढे येतो, झाकण उघडतो, स्क्रीन उजळते.)

नमस्कार मंडळी. हा पानाचा डबा नाही. आमच्या मेस्त्रींना मात्र शेवटपर्यंत तसंच वाटत होतं. फणसाची फळी रंधत असताना तीनदा विचारलं त्यांनी, "अरे, ह्यो पानाचो डबो एवढो जाडो कित्याक?" मी म्हटलं, मेस्त्रीकाका, आत संगणक बसणार आहे. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि परत रंधायला लागले.

आत रास्पबेरी पाय ४ आहे, म्हणजे एकाच छोट्या बोर्डावरचा संगणक, ४ जीबी मेमरीवाला. पुढे याला नुसतं 'पाय' म्हणेन. हा बघा. (बोर्ड तळहातावर.) ८५ बाय ५६ मिलिमीटर, एटीएम कार्डाएवढा. केंब्रिजमधल्या मंडळींनी मुलांना प्रोग्रामिंगची गोडी लागावी म्हणून काढलेली ही वस्तू. पहिला पाय २९ फेब्रुवारी २०१२ला विक्रीला आला, हा चौथा २०१९चा. याला मॉनिटर, कीबोर्ड आणि चार्जर लावला की झाला संगणक. तेवढं काम दहा मिनिटांचं आहे. मला मात्र हा डबा पुरा करायला पाच महिने लागले, आणि त्या पाच महिन्यांत या हिरव्या बोर्डाने मला एकदाही त्रास दिला नाही. त्रास दिला बॅटरीने, वायरींनी, बिजागरीने आणि हवेने. म्हणून आज बोर्डाबद्दल कमी आणि त्याच्या भोवतालाबद्दल जास्त बोलणार आहे.

आधीच सांगून ठेवतो, पैसे वाचवायला म्हणून याच्या नादी लागू नका. सगळी बिलं जोडली तर त्यात एक बरा जुना लॅपटॉप आला असता, आणि तो याच्याहून जोरात पळाला असता. मग केला कशाला?

मी सिंधुदुर्गात, आचऱ्याच्या अलीकडे राहतो, खाडीपासून चालत पाच मिनिटांवर. आमच्याकडे पावसाळ्यात मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकतात, तरी मीठ पाझरतंच. माझा आधीचा लॅपटॉप दुसऱ्याच पावसाळ्यात गेला. दुरुस्तीला नेला तर दुकानदार म्हणाला, पाणी सांडलंय. एक थेंब सांडला नव्हता. त्याने उघडून दाखवला तेव्हा कनेक्टरच्या पिनांवर हिरवट पूड धरली होती, देवघरातल्या न घासलेल्या तांब्यावर धरते तशी. हवेतलं मीठ धातूवर बसतं, मीठ ओल ओढून घेतं, त्यातून वीज गेली की तांबं खायला सुरुवात. तो मदरबोर्ड बदलायचा खर्च ऐकून मी लॅपटॉप उचलला आणि घरी आलो. तेव्हा ठरवलं, पुढचं यंत्र असं हवं की त्यातला कुठलाही तुकडा मला स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून बदलता आला पाहिजे.

आता बॅटरी. सर्वांत जास्त वेळ इथेच गेला.

हे १८६५० सेल. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, म्हणून १८६५०. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत हेच असतात. पहिले चार मी ऑनलाइन मागवले, वर ठसठशीत छापलेलं ९९०० एमएएच, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचा आकडा. मी खूश. मग कळलं की या आकाराच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्येसुद्धा साधारण ३५०० च्या आसपासच मावतं. संशय आला तर वजन करा. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. माझे मी आमच्या सोनाराच्या काट्यावर ठेवले. एकेक ३१ ग्रॅम. सोनार म्हणाला, "ह्येच्यात खोट हा." धंद्यातला माणूस, बघताक्षणी ओळखलंन.

नंतर २६०० एमएएचचे चार खरे सेल घेतले. चारही समांतर जोडले, म्हणजे व्होल्टेज ३.७ च राहिलं आणि क्षमता झाली १०,४००. त्याला ३.७ ने गुणा, साधारण ३८.५ वॅट-अवर. पायला ५ व्होल्ट लागतात, म्हणून मधे व्होल्टेज वाढवून देणारा बूस्ट कन्व्हर्टर. तो आपला वाटा खातो, हातात ३२-३३ उरतात. पाय आणि ही सात इंची स्क्रीन मिळून मीटरवर ८ वॅट दिसतात. झाले चार तास. मला रोज तेवढेच मिळतात, हिशोब आणि घड्याळ जुळतं. कुणी छोट्याशा पॅकवर बारा तास चालतो म्हणून दाखवत असेल तर हाच गुणाकार करून बघा.

दोन गोष्टी इथे चुकवायच्या नाहीत. एक, समांतर जोडण्याआधी चारही सेल वेगवेगळे पूर्ण चार्ज करून ४.२ व्होल्टवर आणा. एक भरलेला आणि एक रिकामा जोडलात तर भरलेला सगळा जोर रिकाम्यात ओततो, आणि तारा तापतात. दोन, सेलवर थेट सोल्डर लावायचं नाही. उष्णता आत जाते. होल्डर वापरा, नाहीतर पट्टी लावून आलेले सेल घ्या. आणि बॅटरीच्या प्लस वायरवर हा गाडीतला ५ अँपिअरचा पात्याचा फ्यूज. कुठल्याही गॅरेजात मिळतो. तो न लावता डबा बंद करू नका.

(स्क्रीनच्या कोपऱ्यातली विजेची पिवळी खूण जवळून.)

ही खूण बघून घ्या. पहिले दोन आठवडे ही माझ्या स्क्रीनवर मुक्कामालाच होती. पायला मिळणारं व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की ही येते, आणि पाय आपला वेग कमी करतो. मी कन्व्हर्टर बदलला, सेल बदलले, खूण जागची हलेना. कन्व्हर्टरच्या तोंडाशी मीटर धरला, बरोबर ५.० व्होल्ट. मग मीटर पायच्या बोर्डावरच्या पिन २ (५ व्होल्ट) आणि पिन ६ (ग्राउंड) वर धरला. ४.६. मधे होती काय, तर एक वीतभर यूएसबी केबल. तिच्यात नि कनेक्टरांत मिळून ०.२ ओहम रोध, त्यातून २ अँपिअर जाताना ०.४ व्होल्ट वाटेतच गळत होते. नळाला पाणी भरपूर, पाइप मात्र काडीएवढा. केबल कापून बघितली तर आत केसासारख्या तारा. जाड तारेची केबल लावली, खूण गेली ती गेली.

आणि स्क्रीनला वीज पायच्या यूएसबीतून देऊ नका. पाय ४ च्या चारही पोर्टांची मिळून मर्यादा १.२ अँपिअर आहे, त्यात कीबोर्ड, पेनड्राइव्ह सगळं आलं. स्क्रीनची वायर थेट कन्व्हर्टरवरून ओढा.

यानंतरची फजिती खास आपल्याकडची. सेल चार्ज करायला आणि ५ व्होल्ट काढायला मी आधी पॉवर बँकेत असतं तसलं मॉड्यूल वापरलं होतं. चालत होतं छान. जून उजाडला, लाईटचा खेळ सुरू झाला. लाईट गेली, लॅपटॉप बंद. लाईट आली, परत बंद! बॅटरी भरलेली असून. कारण अशी बरीच मॉड्यूलं चार्जर लागताना किंवा निघताना क्षणभर आउटपुट तोडतात. मोबाइलला त्याचं काही वाटत नाही, त्याच्या पोटात स्वतःची बॅटरी आहे. पायच्या पोटात काही नाही, तो मेला. असं तिसऱ्यांदा झालं तेव्हा पायचं सगळं ज्यावर साठवलेलं असतं त्या एसडी कार्डावरची फाइल सिस्टिम बिघडली आणि आठ दिवसांचं लिखाण गेलं. लाईट आली म्हणून बंद पडणारा लॅपटॉप जगात माझा एकटाच असेल.

तेव्हा मॉड्यूल घेताना चार्ज होता होता आउटपुट अखंड देणारं, यूपीएससारखं घ्या. आणि डब्यात बसवण्याआधी चार्जर वीस वेळा काढून लावून बघा. मी आता एसडी कार्डाऐवजी यूएसबीला लावलेल्या छोट्या एसएसडीवरूनच पाय सुरू करतो, पाय ४ ला ते जमतं. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं आणि आमच्या वाडीत कित्येक दिवस अंधार होता. तेव्हा हा डबा असता तर गाडीच्या चार्जरवर चालला असता, हे आपलं मनात येऊन जातं.

आता हवा. बोर्ड तापतो. ८० अंशांच्या पुढे गेला की स्वतःहून वेग उतरवतो. सगळे सांगतात पंखा लावा, भोकं पाडा. पण इथे पंखा लावायचा म्हणजे खाडीवरचं मीठ पंप करून आत भरायचं. म्हणून मी भोकंच ठेवली नाहीत. (डबा उलटा करतो.) तळाला ही ३ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पाटी. स्लायडिंगच्या खिडक्या करणाऱ्याकडे कापून मिळाली, त्याने चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. प्रोसेसर आणि पाटी यांच्यामधे उष्णता नेणारा मऊ पॅड, आणि बोर्ड उलटा स्क्रूने बसवलेला. तासभर व्हिडिओ चालवला तरी ६८-७० च्या पुढे जात नाही. मांडीवर घेतलात तर मात्र कळतं. धातूचा पूर्ण डबा करू नका, वायफाय आत कोंडेल. पाटी फक्त खाली, बाकी चारी बाजूंनी लाकूड.

बोर्डाला वरून पातळ थर दिलाय. यासाठी वेगळं लॅकर मिळतं. मी बहिणीचं पारदर्शक नेलपॉलिश वापरलं, दोन हात. पण पोर्ट, कार्डाची खाच, पिना आणि प्रोसेसरचा माथा यांना आधी चिकटपट्टी लावा. आणि बोर्डाच्या कडेचा हा छोटा चौकोन-त्रिकोणाच्या मधला आकार, तो वायफायचा अँटेना, त्याला हात लावू नका. आत सिलिका जेलच्या दोन पुड्या. पावसाळ्यात महिन्याला एकदा काढून मंद तव्यावर सुकवतो. आईने तो तवा आता माझ्या नावाने वेगळा काढलाय.

बिजागरी. पहिली लोखंडी, दीड महिन्यात गंजली. दुसरी पितळी, ती गंजली नाही पण झाकण अडवून धरेना, स्क्रीन दर वेळी तोंडावर यायची. शेवटी मेलेल्या लॅपटॉपच्याच बिजागऱ्या काढून बसवल्या, त्यांच्यात घर्षण असतं, म्हणून ठेवाल तिथे थांबतात. पण त्यांचा ताण एवढा की फणसाची पातळ फळी स्क्रूपाशी उभी तडकली. मेस्त्रींनी बघितलं, "रेषेत मारलंस मरे" एवढंच बोलले, आणि आडव्या रेषेची पट्टी आतून चिकटवून त्यात स्क्रू बसवले. लाकडाची रेषा बघून स्क्रू मारायचा असतो हे मला पाच महिन्यांत कुठल्याच व्हिडिओने सांगितलं नव्हतं.

मेस्त्रींनी विचारलेल्या जाडीचं उत्तर पण देऊन टाकतो. पायचे यूएसबी पोर्ट दुमजली आहेत, डब्याची उंची तेच ठरवतात. नेहमीची जाड एचडीएमआय केबल वळत नाही, चपटी रिबनवाली घ्या. एवढं करून माझा डबा भरला १.४ किलो. ज्यांना हसू येतंय त्यांच्यासाठी, १९८१ साली ऑस्बोर्न १ नावाचा पोर्टेबल संगणक विकला जात होता. पाच इंचांची स्क्रीन, वजन साधारण ११ किलो.

एक खोडी उरलीच. पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नसते. लाईट नाही, नेट नाही, अशा दिवशी तो सुरू झाला की मागच्या वेळी बंद केला तीच वेळ धरून बसतो. म्हणून डीएस३२३१ चं छोटं घड्याळ लावलं. ते पिन ३ आणि पिन ५ वर बसतं. आणि नीट बंद करायचं बटण सगळे सांगतात कुठे लावा? पिन ५ वर! माझे दोन दिवस गेले. बटण दाबलं की घड्याळ मरे. मग बटण पिन ३९ आणि ४० वर नेलं. त्यात तोटा एक, पिन ५ वरचं बटण बंद पायला जागंही करतं, हे करत नाही. म्हणून शेजारी हा मुख्य स्विच. तसंही पाय ४ ला झोपता येत नाही, झाकण लावलं तरी तो आत टक्क जागा असतो.

मराठीचं सोपं आहे. सुरुवातीला अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर लोहित किंवा नोटोचा देवनागरी फॉन्ट टाका, कीबोर्डात मराठी निवडा, इन्स्क्रिप्ट (देवनागरीचा ठरलेला कीबोर्ड) चालू. ही स्क्रिप्ट यावरच लिहिलीय.

बटणाची आणि घड्याळाची सेटिंगची ओळ स्क्रीनवर दिसतेय, थांबवून उतरून घ्या. डब्याचं माप मात्र मागू नका. ते मेस्त्रींनी कुठे लिहिलेलंच नाही, पायचा बोर्ड फळीवर ठेवला आणि पेन्सिल फिरवली.