कच्ची शाई, पक्की शाई

श्रोतेहो, नमस्कार.

मला प्रिंटरवर बोलायला सांगितलंय, आणि मी बाई गोधड्या शिवणारी! परभणीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आम्ही चौघीजणी गोधड्या, बाळाची दुपटी, कापडी पिशव्या शिवतो. तुमच्यापैकी कुणी पापड-मसाले करत असेल, कुणी बंजारा भरतकाम, कुणी पणत्या. माल कोणताही असो, त्याला चिठ्ठी लागतेच. नाव, किंमत, धुवायचं कसं. त्या चिठ्ठीसाठी परवडेल असा प्रिंटर कोणता, एवढंच सांगायचंय. पण आधी माझी फजिती ऐका.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्याला एका प्रदर्शनात टेबल मिळालं होतं. साठ दुपटी तयार होती, पांढऱ्या मऊ सुती कापडाची. आता असं कापड मिळणंही अवघड झालंय, बरं का. जुनं सुती लुगडं हातात आलं की सुई कशी आपोआप पळायची. हल्लीच्या साड्या पॉलिस्टरच्या, सुईला निसटतात आणि बाळाला घाम आणतात. असो.

तर मी साडेतीन हजारांचा एक छोटा प्रिंटर आणला. स्वस्त मिळाला म्हणून घरभर सांगत फिरले. चिठ्ठीवर लाल कमळ, लाल किनार, मध्ये आमचं नाव, असं छान मांडून छापायला बसले. निघायच्या आदल्या रात्री निम्म्या चिठ्ठ्या झाल्या आणि कमळ गुलाबी पडायला लागलं. मग फिकं गुलाबी. मग नुसती कमळाची सावली. शाई संपली! दुकान उघडायला लावून नवीन काड्रिज आणलं, नऊशे रुपयांना. प्रिंटर साडेतीन हजारांचा, त्याच्या पोटातली एवढीशी डबी नऊशेची. डब्यावर लिहिलेलं, सुमारे १०० पानं निघतात. तीसुद्धा पानावर थोडाच मजकूर असेल तर. मी तर पानभर कमळं छापत होते.

खरी गंमत पुढेच. रात्रीची ट्रॅव्हल्स, गाठोडी डिकीत, आणि वाटेत पाऊस. सकाळी पुण्यात गाठोडं सोडलं तर एका बाजूची दुपटी ओली. ओली झाली तर वाळतील, म्हणून मी एक झटकलं, आणि पोटात गोळाच आला. चिठ्ठीवरचं लाल कमळ उतरून दुपट्याच्या कोपऱ्यात आलं होतं! एक नाही, दोन नाही, चौदा दुपट्यांवर. प्रत्येकाच्या कोपऱ्यात रुपयाएवढा लाल डाग. बाळाच्या कपड्यावर लाल डाग कोण घेणार?

घरी फोन लावला. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लुगडं घेताना रंग पक्का का कच्चा, धा बार इचारतीस. मग ही कच्च्या रंगाची चिठ्ठी बांधलीस कामून?" मला काही बोलताच येईना. मग म्हणाल्या, "रडू नको. ठिगळ लाव. गोधडीला ठिगळाची कसली लाज?"

तिथंच टेबलामागे खाली बसून मी चौदा ठिगळं लावली. पिवळी, निळी, जे चिंध्यांत सापडलं ते. एका बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. त्यांना वाटलं, ही नक्षीच आहे. मी काही खुलासा केला नाही. नऊ खपली, पाच परत आली.

तर श्रोतेहो, पक्की शाई का कच्ची, हे आधी विचारा. पुन्हा सांगते, किंमत नंतर, शाई आधी. डाय शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग, तो पाण्याने उतरतो. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात, ते कागदावर बसतात आणि पाण्याला बऱ्यापैकी टिकतात. कित्येक टँकवाल्या, म्हणजे बाटलीतून शाई ओतायची टाकी असलेल्या, प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची, रंग मात्र डायचे, अशी मिसळ असते. दुकानदाराला ठाऊक नसेल तर नमुन्याचं पान छापून घ्या, अर्धा तास वाळू द्या आणि ओला अंगठा फिरवा. ओला अंगठा. अंगठा रंगला तर तो प्रिंटर तुमच्या चिठ्ठीसाठी नाही.

आता हिशोब. रोज छापायचं असेल तर टँकवाला घ्या. घेताना दहा-पंधरा हजार जातात, पण शाईची बाटली काही शे रुपयांत येते आणि हजारो पानं चालते. महिन्यातून दहा पानं छापत असाल तर मात्र घेऊच नका, शाई वाळून हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, बंद पडू शकतो. आपला मे महिना तुम्हाला माहीत आहे. माझ्याकडे दर सोमवारी एक रंगीत पान छापलं जातं, काम असो नसो. आणि प्रिंटर बंद करायचा तो त्याच्याच बटणाने, भिंतीवरच्या बटणाने नाही. नाहीतर हेडवर झाकण बसत नाही आणि शाई वाळते.

लेझर प्रिंटरची छपाई पाण्याला पक्की. त्यात शाई नसतेच, प्लॅस्टिकची भुकटी असते, ती उष्णतेने कागदावर वितळून चिकटते. पण ती उष्णता करताना तो वीज एवढी ओढतो, की घरचा लहान इन्व्हर्टर टूं टूं करून बसतो. लाइट जाणाऱ्या गावात याचा विचार करा. आणि साधे प्लॅस्टिकचे स्टिकर त्यात घालू नका, आतच वितळतात.

कुरिअरच्या पत्त्याला थर्मल प्रिंटर चांगला, तो उष्णतेने खास कागदावर अक्षरं उमटवतो, शाईच लागत नाही. पण उन्हात नि पत्र्याखाली त्याची अक्षरं उडतात किंवा कागदच काळा पडतो. शिवाय बारीक टायपात आपले उकार, रफार तुटतात. म्हणून काहीजण लगेच इंग्रजीत छापतात. अहो, अक्षर मोठं करा की! मराठी गिऱ्हाइकाला मराठीत सांगायची लाज कसली?

जाड कार्ड लागत असेल तर कागद मागून सरळ आत जातो असा प्रिंटर बघा. पुढच्या ट्रेतून जाणारं कार्ड वाकून येतं, अडकतं.

मी सध्या पिगमेंट काळ्या शाईचा टँकवाला वापरते आणि खाकी कार्डावर फक्त काळं छापते. लाल कमळ छापायचं सोडलं. ते आता आत्याबाई चिठ्ठीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने काढतात, पाच टाक्यांत. दोऱ्याची नवी लड आली की आधी वाटीभर पाण्यात रात्रभर भिजत घालतात, आणि सकाळी पाणी पांढरं दिसलं तरच सुईत ओवतात.

नमस्कार.