आपल्या विमानात आपली माणसं

(पडद्यावर: रेंटनचा कारखाना, वरून. ओळीने उभी असलेली, अजून रंग न लागलेली हिरवट विमानं.)

जून 2018. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं रेंटन. इथे बोइंगची 737 विमानं तयार होतात. कारखान्यातले एक वरिष्ठ मॅनेजर, एड पिअरसन, 737 प्रकल्पाच्या प्रमुखांना ईमेल पाठवतात. माणसं थकली आहेत, चुका वाढताहेत, विमानजोडणीची लाइन थांबवा, असं त्यांचं म्हणणं. त्याच ईमेलमध्ये ते लिहितात की बोइंगच्या विमानात घरच्यांना बसवायला आयुष्यात पहिल्यांदाच आपलं मन कचरतंय.

जो माणूस रोज सकाळी त्याच कारखान्यात कामावर येतो, त्याच्या हातून हे वाक्य लिहिलं जावं, इथपर्यंत एखादी कंपनी कशी येते?

(पडद्यावर: 777 चं पहिलं उड्डाण.)

12 जून 1994. बोइंग 777 पहिल्यांदा आकाशात झेपावलं. हे विमान घडवताना इंजिनिअर, कारखान्यातले मेकॅनिक आणि विमान विकत घेणाऱ्या कंपन्यांची माणसं एकाच टेबलाभोवती बसली होती. अडचण आली तर ती लपवायची नाही, सगळ्यांसमोर मांडायची, अशी तिथली शिस्त. सिएटल परिसरात बोइंगमध्ये नोकरी असणं अभिमानाचं होतं. बाप रिटायर झाला की मुलगा त्याच गेटातून आत जायचा.

ऑगस्ट 1997 मध्ये बोइंगने मॅकडॉनल डग्लस ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली. सौदा सुमारे 1,300 कोटी डॉलरचा. कागदावर बोइंग मालक झाली, पण मॅकडॉनल डग्लसचे हॅरी स्टोनसायफर थेट बोइंगचे प्रेसिडेंट झाले. ‘बोइंगच्या पैशाने मॅकडॉनल डग्लसनेच बोइंग विकत घेतली,’ असं कामगार तेव्हापासून बोलत आलेत. स्टोनसायफर यांनीही आडपडदा ठेवला नाही. मी कंपनीची संस्कृती बदलली असं लोक म्हणतात, तर तोच माझा हेतू होता, असं त्यांनी 2004 मध्ये एका मुलाखतीत सांगितलं. कंपनी नुसती उत्तम इंजिनिअरिंग फर्म म्हणून न चालता धंदा म्हणून चालावी, हे त्यांना हवं होतं.

(पडद्यावर: फेब्रुवारी 2000. गेटबाहेर पेटवलेली पिंपं, हातात फलक घेतलेली माणसं.)

ही माणसं इंजिनिअर आणि टेक्निशियन आहेत. चष्मा, कोट, डोक्यावर लोकरी टोपी. यातल्या बहुतेकांनी जन्मात कधी घोषणा दिली नसेल. फेब्रुवारीच्या थंडीत ती पेटत्या पिंपाभोवती उभी राहिली, आणि संप 40 दिवस चालला. मागण्या पगाराच्या होत्या, आरोग्य विम्याच्याही होत्या. पण खरी सल होती ती मानाची. आपल्या कामाची इथे किंमत राहिलेली नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं.

पुढच्या वर्षी, 2001 मध्ये, कंपनीने मुख्यालय सिएटलहून शिकागोला नेलं. ज्यांनी नेलं ते कंपनीचे तेव्हाचे प्रमुख फिल कॉन्डिट स्वतः 777 वर काम केलेले इंजिनिअर होते, हे सांगायलाच हवं. इंजिनिअर विरुद्ध हिशेबनीस अशी सोपी वाटणी इथे चालत नाही. मुख्यालय दूर गेल्यावर निर्णय घेणारा जिना उतरून शॉप फ्लोअरवर येईनासा झाला. लाइनवर काय अडलंय हे त्याला रिपोर्टमधून कळू लागलं.

आणि रिपोर्टमध्ये सगळं येत नाही.

त्याच 2001 साली जॉन हार्ट-स्मिथ या बोइंगच्याच तज्ज्ञाने एक निबंध मांडला. विमानाचे भाग बाहेरून बनवून घेण्याचा अतिरेक केला तर कामाबरोबर नफाही बाहेर जाईल, असा इशारा त्यात होता. हार्ट-स्मिथ हे मूळचे डग्लसचे. म्हणजे ज्या कंपनीला सगळे दोष देत होते, तिथलाच माणूस सावध करत होता. पुढे 787 च्या वेळी बरंचसं काम बाहेर दिलं गेलं, आणि पहिलं विमान तीन वर्षांहून अधिक उशिरा, 2011 मध्ये ग्राहकाच्या हाती पडलं. 2013 ते 2019 या काळात कंपनीने 4,300 कोटी डॉलरहून अधिक रक्कम स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यात घातली.

(पडद्यावर: पुन्हा रेंटन, 2018.)

महिन्याला 47 विमानं निघत होती, आता 52 हवी होती. सुटे भाग उशिरा येत, म्हणून विमान लाइनवर पुढे सरकायचं आणि राहिलेलं काम मागाहून, क्रम सोडून करावं लागायचं. ओव्हरटाइमवर ओव्हरटाइम. जुलैमध्ये पिअरसन वरिष्ठांना समक्ष भेटले. सैन्यात याहून कमी कारणासाठी काम थांबवतात, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या साक्षीनुसार उत्तर आलं: सैन्य काही नफा कमावणारी संस्था नाही.

पिअरसन ऑगस्टमध्ये निवृत्त झाले. 29 ऑक्टोबर 2018 ला लायन एअरचं 737 मॅक्स समुद्रात कोसळलं, 189 माणसं गेली. 10 मार्च 2019 ला इथिओपियन एअरलाइन्सचं, 157 माणसं. दोन्ही अपघातांत एमकॅस या सॉफ्टवेअरने चुकीची माहिती देणाऱ्या सेन्सरवर विसंबून विमानाचं नाक पुन्हापुन्हा खाली दाबलं. कारखान्यातली घाई हा वेगळा प्रश्न. पण सांगणाऱ्याचं ऐकायचं नाही ही सवय दोन्हीकडे सारखीच होती, असं आम्हाला वाटतं.

तक्रार करणारा माणूस कंपनीचा वैरी समजला जातो. खरं तर तो अजून आशा धरून असतो, म्हणून तर बोलतो. दोनदा, तीनदा बोलून काही हलत नाही, तेव्हा तो गप्प होतो. शिफ्ट संपली की घरी जातो. मॅनेजमेंटला वाटतं, सगळं सुरळीत चाललंय. फेब्रुवारी 2024 मध्ये तज्ज्ञांच्या एका सरकारी समितीने हेच नोंदवलं: सुरक्षिततेबद्दल वरचे काय बोलतात आणि खालच्यांना काय अनुभव येतो, यात मोठी तफावत आहे.

(पडद्यावर: सप्टेंबर 2024. रात्र. गेटबाहेर संपकरी.)

ऑगस्ट 2024 मध्ये केली ऑर्टबर्ग नवे प्रमुख म्हणून आले. मी सिएटलमध्येच बसणार, असं त्यांनी जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात सुमारे 33,000 कामगार संपावर गेले. 53 दिवसांनी करार झाला, चार वर्षांत 38 टक्के पगारवाढ मिळाली. 2014 च्या करारात गेलेली जुनी पेन्शन मात्र परत मिळाली नाही. गेटवरच्या अनेकांना पगारवाढीआधी तीच हवी होती.