तरवड फुलला की

हे बघा, पानाचा देठ फांदीला चिकटलाय ना, तिथं बघा. कानाच्या पाळीसारखी गोल हिरवी पानं फांदीला बिलगून बसलीत, आणि एकाच ठिकाणी नाही, प्रत्येक देठाच्या बुडाशी आहेत. शास्त्रीय नावातसुद्धा हा कान आलाय, सेन्ना ऑरिक्युलाटा. आपला तरवड. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत याला तंगेडू म्हणतात.

सकाळचे साडेसहा वाजलेत, आपण हैदराबाद रोडला बोरामणीकडच्या माळावर आलोय आणि उद्या सर्वपित्री अमावस्या आहे.

उद्यापासून पूर्व भागात बतुकम्मा सुरू होणार, म्हणजे फुलांचे थर रचून त्याभोवती फेर धरायचा तेलुगू बायकांचा नऊ दिवसांचा सण, आणि परवा आमच्याकडं घट बसणार. म्हणजे दोन दिवसांत निम्म्या शहराला फुलं लागणार. झेंडू शेतात पिकतो, मार्केटला ढिगानं येतो, त्याची काळजी नाही. पण बतुकम्माला जे तंगेडू आणि गुनुगू, म्हणजे आपलं कुर्डू, लागतं ते कुणी पेरत नाही, ते असं हिंडून, वाकून, काटे-कुसळं अंगाला लावून घेऊनच आणावं लागतं.

माझ्यासोबत शेजारच्या गल्लीतल्या अक्का आल्यात. साठी उलटलीय त्यांची. आयुष्य विड्या वळण्यात गेलं, आता डोळ्यांमुळं ते काम सोडलंय, पण बोटं बघा त्यांची, फुलाचा घोस नखानं खुडतात तेव्हा फांदी हलतसुद्धा नाही. मी पहिल्यांदा आले तेव्हा फांदीच ओढून मोडली होती, तर म्हणाल्या, "अगं, फूल घे की, झाड कशाला घेतीस?" तेव्हापासून मी कात्री आणते.

जरा इथं थांबूया. ऐकू येतंय? तो मोठा काळा भुंगा फुलाला लटकलाय आणि त्याचा आवाज मधेच बदलतोय, उडतानाचा वेगळा आणि आत्ताचा वेगळा. तरवडाच्या फुलात मध नसतो, नुसते पराग असतात, तेही केसरांच्या टोकाला बारीक भोकं असलेल्या नळ्यांत बंद. मग भुंगा काय करतो, नळी धरून सगळं अंग थरथरवतो आणि मीठदाणी हलवल्यासारखे पराग पोटावर पाडून घेतो. म्हणून अक्का ज्या घोसावर भुंगा बसलाय तो सोडून देतात, त्याचं झालं की मग बघू म्हणतात. मला हे फार आवडतं.

तरवड ओळखायला चुकायचं कारण नाही, पण पावसाळ्यात पिवळी फुलं बरीच असतात, टाकळासुद्धा पिवळाच फुलतो. टाकळा गुडघ्याएवढा, फुलं एक-दोन पानांच्या बेचक्यात दडलेली. तरवड झुडूप असतंय, कमरेच्या वर जातं, फुलांचे भरगच्च घोस शेंड्याला असतात, आणि तो कान असतोच. शेरडं सहसा त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून चरून चरून बोडक्या झालेल्या माळावर पण हाच उभा दिसतो. पूर्वी याच्या सालीनं कातडी कमवायचे. खडकाळ जमीन, कमी पाणी, सगळं चालतं याला. आपल्याकडचा जोराचा पाऊस सप्टेंबरमधला, तो पडून गेला की हा असा पेटतो.

आता गुनुगू. मराठीत कुर्डू. पावसाळ्याच्या सुरुवातीला कोवळं असताना आपण याचीच भाजी करून खातो, आणि भाद्रपद संपत आला की त्याला हे तुरे येतात, टोकाला गुलाबी आणि खाली येईल तसे रुपेरी पांढरे. हात लावून बघितलं तर फूल वाटतच नाही, कागद वाटतो, आणि म्हणूनच ते वाळलं तरी तसंच राहतं. शेतकऱ्याला कुर्डू म्हणजे तण. त्यामुळं तुरीच्या रानात उभ्या असलेल्या मामांना विचारलं, थोडं कुर्डू घेऊ का, तर ते म्हणाले, "थोडं कशाला, सगळं न्या की वो." विचारायचं मात्र नेहमी. बांधावर पाय ठेवायच्या आधी हाक मारायची, आणि उभ्या पिकात शिरायचं नाही. जिथं तणनाशक मारलंय तिथलं घ्यायचं नाही, ते लगेच कळतं, बुडाची पानं करपलेली असतात. अंगभर बाह्या घाला, कारण गाजरगवत सगळीकडं माजलंय आणि काहींच्या अंगाला त्याची भयंकर खाज सुटते. हातात काठी ठेवा, दगडाखाली बोटं घालू नका. फुरसं काही सांगून येत नाही.

आठपर्यंत परतायचं असतंय. ऊन चढलं की तरवड मान टाकतो, म्हणून घोस ओल्या फडक्यात गुंडाळून पाटीत, आणि वर कुर्डू आडवं.

हा जो रस्ता आहे ना, आपण आलो तो, तो असाच पुढं गेला की तेलंगणात जातो. अक्कांच्या सासऱ्यांचे आजोबा त्या बाजूनंच आले. पद्मशाली समाज, विणकरी घराण्यातला. सोलापुरात १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, हातमागांचा व्यापार आधीपासून होताच, आणि सुताच्या मागं माणसं येत गेली. माग आणला, भाषा आणली आणि हा सणही आणला. आणि इथं आल्यावर बघतात तर माळावर तेच तंगेडू फुललेलं! मला वाटतं, परक्या मुलखात ओळखीचं झुडूप दिसणं ही केवढी मोठी गोष्ट असेल.

तेलंगणात २०१४ पासून हा राज्याचा सण आहे आणि तंगेडू तिथलं राज्यफूल आहे. आमच्याकडं हायवेच्या कडेला धूळ खात उभं असतंय ते.

[अंगण. फुलं निवडायला सगळ्या बसल्यात.]

कुर्डूचे तुरे आधी एका मापाचे कापायचे. दहा-बारा तुरे एकत्र, टोकं जुळवून, दोऱ्यानं बांधायचे आणि बुडखे बरोबर छाटायचे. काही जुड्या पांढऱ्याच ठेवतात, काही रंगात बुडवून, झटकून, दोरीवर उलट्या वाळत टाकतात. बाजारचा रंग भडक चढतो, पण शेवटी ते सगळं पाण्यात जाणार असतंय, म्हणून गेल्या वर्षी आम्ही बीट किसून उकळून बघितलं. फिका गुलाबी आला. अक्कांच्या सुनेला नाही आवडला, मला आवडला. यंदा अर्ध्या जुड्या तशा आणि अर्ध्या पांढऱ्या, असं ठरलंय.

आता बतुकम्मा रचायची. नीट बघा, कारण हे एकदा बघून येत नाही.

पितळेचं ताट. त्यावर भोपळ्याची पानं, खरबरीत बाजू वर, म्हणजे फूल सरकत नाही. कडेनं तरवडाचा पहिला फेरा, फुलं बाहेर तोंड करून आणि देठ आत. फेरा पूर्ण झाला की मधे जी पोकळी राहते तिथं ते छाटलेले बुडखे, खुडलेली पानं, उरलेला सगळा पाला बारीक करून भरायचा आणि तळहातानं दाबायचा. सगळं कसब या दाबण्यात आहे. मी पहिल्या वर्षी बाहेरूनच छान दिसण्याच्या नादात आत पाला कमी भरला, पाचव्या फेऱ्याला ते एका अंगानं खचलं आणि सगळ्यांना परत पहिल्यापासून बसावं लागलं, कुणी मला बोललं नाही पण संध्याकाळची वेळ टळत होती आणि पोरी नटून दारात उभ्या होत्या, ते अजून आठवतंय. तेव्हापासून दाबायचं काम मी मागून घेते.

तरवडावर कुर्डूचा फेरा, त्यावर झेंडू, परत कुर्डू, मधे गुलबक्षी असेल तर ती, आणि प्रत्येक फेरा खालच्यापेक्षा बोटभर आत. असं वर निमुळतं होत जातं. शेंड्याला भोपळ्याचं फूल. आणि हळद भिजवून केलेली छोटीशी गौरम्मा, म्हणजे गौर, पानावर ठेवून, सगळ्यात वर.

बतुकु म्हणजे जगणं. आणि अम्मा म्हणजे आई.

पहिल्या दिवसाला एंगिली पूल बतुकम्मा म्हणतात. एंगिली म्हणजे उष्टं. फुलं आदल्या दिवशी तोडून पाण्यात ठेवलेली असतात म्हणून हे नाव, असं अक्का सांगतात. मधे सहाव्या दिवशी मांडत नाहीत, त्या दिवशी ती रुसलेली असते. आणि दुर्गाष्टमीला सद्दुला, सगळ्यात मोठी, काही घरांत तर उचलायला दोघी लागतात. त्या दिवशी चिंचेचा भात, दहीभात असे वेगवेगळे भात असतात. संध्याकाळी सगळ्या बतुकम्मा मधे मांडून बायका भोवती फेर धरतात, टाळ्या वाजवत, एक जण ओळ सांगते आणि बाकीच्या शेवटी 'उय्यालो' म्हणून उचलतात. लहानपणी आमच्या हादग्याचं गाणं संपलं की आम्ही पळत हा फेर बघायला जायचो. शब्द कळायचे नाहीत, पण पाय बरोबर पडायचे.

आणि यातलाच तरवड आमच्या घटावर असतो. आमचं सोपंय, पत्रावळीवर काळी माती, धान्य, मधे मातीचा घट आणि वरून रोज एक माळ. आई पहिली माळ विड्याच्या पानांची घालायची आणि नंतर मिळेल तशी, कधी कारळ्याच्या फुलांची, कधी तरवडाची. तरवड ओवताना सुई देठातून नाही, फुलाच्या बुडाच्या हिरव्या गाठीतून घालायची, नाहीतर रात्रीत पाकळ्या गळून खाली नुसता दोरा राहतो. ही माझ्या आईची गोष्ट मी अक्कांना सांगितली. पाला दाबायची त्यांची मी घेतली.

[परत माळ. दुपार.]

हे दाखवायचं की नाही यावर आमचं बरंच बोलणं झालं. गेल्या वर्षी आम्ही जिथं फुलं खुडली ती ही जागा. जेसीबी फिरलाय, चुन्याच्या रेषा मारल्यात, कोपऱ्याला दगड रोवलेत. घरं लागतात माणसांना, मलाही मान्य आहे, पण कागदावर 'पडीक' लिहिलेली जमीन पडीक नसते, तिच्यावर दोन समाजांचं नवरात्र उभं असतंय. दरवर्षी आम्हाला थोडं पुढं जावं लागतंय. आणि बाजारात विकायला पोती भरून तरवड येतो तो फांद्यांसकट ओरबाडलेला असतो, ते बघून पोटात कालवतं. दसऱ्याला आपट्याचं जे होतं तेच. घोस खुडला तर झाड पुढच्या आठवड्यात परत फुलतं, फांदी तोडली तर त्या फांदीचं वर्ष गेलं.

विसर्जनाला गौरम्मा पाण्यात घालत नाहीत आमच्या अक्का, ती हळद काढून घेतात आणि सगळ्या बायका मंगळसूत्राला लावतात. मलाही लावतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडताना एक गंमत दिसते. फुलं गेलेली असतात, पण फरशीवर जिथं आम्ही बसलो होतो तिथं मोहरीहून बारीक, काळंभोर, चकचकीत बी सांडलेलं असतंय. कुर्डूचं. अक्का ते सुपात गोळा करतात, खडे पाखडतात आणि जुन्या विडीच्या पुडक्याच्या कागदात बांधून ठेवतात. माळावर गेल्यावर तरवडाच्या गेल्या हंगामातल्या वाळक्या चपट्या शेंगा दिसल्या की त्याही खुडून त्याच पुडीत. कुर्डू कुणाच्या रानात टाकायचं नाही, शेतकऱ्याला त्रास, म्हणून ओढ्याच्या काठानं. तरवड मात्र खडकाळ जागा बघून.

मागच्या आषाढात भाच्याच्या मोटारसायकलवर मागं बसून त्या गेल्या होत्या, पुडी कमरेला खोचून. कुठं टाकलं विचारलं तर म्हणाल्या, "मोजणीचे दगड संपतात ना, त्याच्या पलीकडं."