थेंबाथेंबाने नोंदलेला दुष्काळ

टॉर्चच्या उजेडात चमकतोय तो ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ, म्हणजे गुहेच्या जमिनीवरून वर वाढत गेलेला चुनखडीचा खांब. ठिकाण, मेघालयात सोहरा म्हणजे चेरापुंजीजवळची मॉमलुह गुहा.

पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषत, चुनखडी विरघळवत खाली झिरपतं. गुहेच्या मोकळ्या हवेत आलं की वायू निसटतो आणि कॅल्साइट या चुनखडीतल्याच खनिजाचा थर मागे राहतो. त्या-त्या काळच्या पावसाची नोंद याच थरांत राहते. वाढ वर्षाला मिलिमीटरचा शंभरावा ते दहावा हिस्सा.

स्तंभ निवडण्यातच खरी कसोटी. तोंडाशी वारा खेळतो, पाणी वाफ होऊन उडतं आणि नोंद बिघडते. म्हणून आत, दमट कोपऱ्यात शोधायचं. आधीच तुटून पडलेला मिळाला तर उभ्याला हात लावायचा नाही.

आता हिऱ्याचं पातं त्याला उभं चिरतंय. पॉलिश झाल्यावर थर उघडे पडतात. दातांच्या डॉक्टरांचं ड्रिल मधल्या अक्षावरच चालवायचं. जरा बाजूला सरकलं की वेगवेगळ्या काळांची पूड एकत्र होते.

थराचं वय सांगतं थोरियम-230, हे किरणोत्सारी मूलद्रव्य. युरेनियम पाण्यासोबत येतं, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. म्हणजे थरातलं थोरियम तिथेच, युरेनियमच्या ऱ्हासातून तयार झालेलं. यातून सुमारे 5 लाख वर्षं मागे जाता येतं. घात करते ती चिकणमाती: ती आपलं थोरियम घेऊन येते आणि थर आहे त्याहून जुना भासतो. त्यासाठी मातीसोबत येणारं थोरियमचं दुसरं रूप, थोरियम-232, मोजून दुरुस्ती करतात.

पाऊस सांगतो ऑक्सिजन. इथे मान्सून जोरदार असेल तर ऑक्सिजन-18, म्हणजे ऑक्सिजनचं जड रूप, कमी; दुबळा असेल तर जास्त. पण ढग कुठल्या समुद्रावरून आले, यानेही हा आकडा हलतो. म्हणून एकाच स्तंभावर भिस्त ठेवत नाहीत. दुसऱ्या गुहा, तळ्यांचा गाळ, झाडांची वलयं यांच्याशी ताडून पाहतात.

मॉमलुहच्या एका स्तंभात सुमारे 4200 वर्षांपूर्वीच्या थरांत ऑक्सिजन-18 वाढलेला सापडला. 2018 मध्ये तिथूनच ‘मेघालयन’ या भूवैज्ञानिक कालखंडाची अधिकृत सुरुवात ठरली. त्याच सुमारास मेसोपोटेमियातलं अक्कड साम्राज्य आणि इजिप्तचं जुनं राज्य कोसळलं. त्यात दुष्काळाचा वाटा किती, यावर अजून वाद आहे.

वर खाण सुरू झाली, की पाणी झिरपण्याच्या वाटा तुटतात आणि थेंब थांबतो. खाली नुसता हात लागला, तरी त्वचेचं तेल बसतं आणि नवा थर नीट धरत नाही. म्हणून माणसांची वाट आखून द्यायची, आणि नमुना घेतलाच तर चिरलेला दुसरा अर्धा भाग, जागेच्या नोंदीसह, जपून ठेवायचा.