पाणी शेवटी: अंगणातल्या हरितगृहाचा उन्हाळा

(नाशिकमध्ये घरगुती बागकाम करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. एप्रिलच्या दुपारी चार वाजता पंखा सोडून तुम्ही इथवर आलात, म्हणजे तुमच्याही अंगणात काहीतरी शिजत असणार. शिजणं हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे मिरचीची रोपं शिजली. ९८ कप्प्यांचा अख्खा ट्रे.

हरितगृह नवंकोरं होतं. १० बाय ८ फूट, पाइपाचा सांगाडा, वर २०० मायक्रॉनचा कागद. आपल्याकडे प्लॅस्टिकलाही कागदच म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणणार. विकणाऱ्याने आत चार फॉगर, म्हणजे पाण्याचं बारीक धुकं उडवणारे फवारे, बसवून दिले आणि जाताना बजावलं, "काका, फॉगर चालू असताना दार लावून घ्या, गारवा बाहेर जातो." मला ते पटलं. घरात एसी लावला की आपण दार लावतोच की. त्या दिवशी बाहेर ३९ होतं. साडेबाराला फॉगर सुरू केले, दार लावलं आणि जेवायला बसलो. दीड वाजता दार उघडलं, तर इडलीपात्राचं झाकण काढावं तशी वाफ तोंडावर आली. चष्मा पुसून बघतो, तर रोपं उभीच होती. पण पालक उकळत्या पाण्यातून काढल्यावर जसा दिसतो ना, गर्द हिरवा आणि काचेसारखा, तशी पानं दिसत होती. सावलीत टांगलेला थर्मामीटर ४७ दाखवत होता. पाणी तर भरपूर फवारलं होतं. मग चुकलं कुठे?

हरितगृह तापतं कशामुळे, असं विचारलं की बहुतेक जण सांगतात की काच उष्णता आत कोंडते. ते खरं आहे, पण कोंडते कशी? १९०९ मध्ये आर. डब्ल्यू. वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने दोन छोट्या पेट्या उन्हात ठेवल्या होत्या. एकीला काचेचं झाकण, दुसरीला सैंधवाच्या स्फटिकाचं. काच उष्णतेचे किरण अडवते, सैंधव त्यांना आरपार जाऊ देतं. तरी दोन्ही पेट्या जवळपास सारख्याच तापल्या. म्हणजे कोंडली जाते ती मुख्यतः हवा. जमीन तापते, तिला लागून हवा तापते, ती वर जायला बघते आणि झाकणाला अडते. थंड देशांत हरितगृह बांधतात ते याच कोंडमाऱ्यासाठी. आपण नकाशा त्यांचा घेतला आणि ऊन मात्र आपलं.

आता थोडं गणित करू. ८० चौरस फूट म्हणजे साधारण साडेसात चौरस मीटर. भर दुपारी दर चौरस मीटरवर हजार वॅटच्या आसपास ऊन पडतं. कागद थोडं अडवतो, ते वजा करून सहा किलोवॅट आत येतं असं धरा. तुमच्या न्हाणीघरातला गीझर दोन किलोवॅटचा असतो. म्हणजे त्या खोपटात तीन गीझर एकदम चालू आहेत, आणि आतली हवा भरते जेमतेम २० किलो. ती सगळी उष्णता थेट हवेला मिळाली असती, तर तीन-चार सेकंदाला एक अंश पारा चढला असता. जानोरी-मोहाडीकडची गुलाबाची पॉलीहाऊस पाहिली असतील. त्यांचा मधला माथा २० फुटांच्या पुढे असतो, वर हवेचा मोठा साठा असतो. आपलं घरगुती हरितगृह म्हणजे त्यांच्यासमोर चहाचा कप. लगेच उकळतं.

या तीन गीझरशी भांडायला लोक पाण्याची टाकी आणून ठेवतात. २०० लिटरचा काळा ड्रम, उष्णता शोषून घेतो म्हणे. घेतो ना. पण ड्रमभर पाणी एक अंशाने तापवायला त्या उन्हाला दोन-अडीच मिनिटं पुरतात. पुढे काय? वर रात्री तोच ड्रम ती उष्णता परत आत सोडतो. हिवाळ्यात निफाडला पारा घसरतो तेव्हा ड्रम उपयोगी आहे. मे महिन्यात त्यात फक्त डास होतात.

मग ऊन आत येऊच द्यायचं नाही, निदान निम्मं तरी. शेडनेट जवळपास सगळ्यांकडे आहे, पण इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी ती आतून बांधली आहे? बघा, बरेच हात वर आले. आतून बांधायला सोपी जाते, वाऱ्याने फडफडत नाही, हे मान्य. पण आतली जाळी ऊन पिते आणि स्वतः तापून ती उष्णता आतच ओकते. गीझर बाहेर न काढता त्यावर कापड टाकल्यासारखं ते आहे. जाळी बाहेरून हवी, आणि कागदाला चिकटून नको. मधून वारा खेळेल अशी हातभर उंच, तारेवर ताणलेली. ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी, पांढरी मिळाली तर उत्तम, कारण हिरवी ऊन गिळते आणि पांढरी बरंचसं परत फेकते. ७५ टक्क्यांची घेऊ नका. टोमॅटो गार राहील, पण उंच काडी होईल आणि फूल धरणार नाही.

परदेशी पुस्तकं दक्षिणेच्या भिंतीबद्दल पानंच्या पानं लिहितात. आपलं नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर. मे महिन्याच्या २० तारखेच्या सुमाराला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस. अंगणात तांब्या ठेवलात तर त्याची सावली त्याच्याच बुडाखाली. त्या दिवसांत दक्षिणेची भिंत काय करणार? सगळा मार छपरावर, आणि तीननंतर पश्चिमेवर. पश्चिमेला मी फेब्रुवारीत दोडका लावतो. एप्रिल अखेर मांडव भरतो, भाजीही होते. आमच्या घरात हरितगृहाचा निर्विवाद फायदा एवढाच मानला जातो.

आता हवा. जुन्या घरांत चुलीवर धुराडं असायचं. गरम हवेला वरून वाट दिली की खालून गार हवा आपोआप ओढली जाते, वीज लागत नाही. हरितगृहालाही धुराडं हवं. माथ्यावर उघडझाप होणारी खिडकी, आणि खाली दोन्ही बाजूंचा कागद फूट-दीड फूट गुंडाळता येईल असा. सगळी उघडी जागा मिळून जमिनीच्या निदान पाचव्या हिश्शाएवढी, म्हणजे आपल्या मापाला १६ चौरस फूट. नुसतं दार उघडून भागत नाही, वरची हवा वरच अडकते. पिंपळगावकडे बेदाण्याचं शेड पाहिलंय? सावली आणि चारी बाजूंनी वारा, बस्स. तिथला कामगार दुपारी आत उभा राहू शकतो.

पंखा लावायचा असेल तर मिनिटाला एकदा सगळी हवा बदलली पाहिजे. आपल्या खोपटाला १२ इंची एक्झॉस्ट पुरतो. पण नुसत्या पंख्यावर विसंबू नका. मिनिटाला एकदा हवा बदलूनही पूर्ण उन्हात रिकामं हरितगृह बाहेरपेक्षा अठरा-एकोणीस अंशांनी चढेल. जाळीने निम्मं ऊन अडवलं की नऊ-दहा. आत भरगच्च रोपं असतील तर आणखी कमी, कारण पानं स्वतः पाणी सोडून गार होतात. तेवढं झालं की मगच पाण्याकडे वळायचं.

पाण्याची ताकद मोठी आहे. एक लिटर पाणी हवेत उडून गेलं, तर तो दोन किलोवॅटचा गीझर २० मिनिटं चालून जेवढी उष्णता देईल तेवढी ते सोबत घेऊन जातं. पण उडून गेलं तरच. नाशिकच्या मे महिन्यात दुपारी ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असली, तर ओल्या फडक्याचं तापमान २२-२३ पर्यंत उतरतं. तीच हवा ओल्या ताटीतून ओढून घेतली की २७-२८ ची होऊन आत येते. मुंबईकराला हे भाग्य नाही. माझ्या मिरच्यांचं काय झालं ते आता कळेल. बंद दारात हवा पाण्याने भरून गेली, पुढचं पाणी उडेना, पानांनाही घाम सोडता येईना, आणि तीन गीझर चालूच होते.

म्हणून पाणी आत येणाऱ्या हवेला द्यायचं, कोंडलेल्या हवेला नाही. समोरच्या भिंतीत पंखा, दारात वाळ्याची ताटी. ताटी महाग वाटली तर धुतलेलं बारदान दोन पदरी टांगा, वर भोकं पाडलेला पाइप, खाली पन्हाळ, आणि कूलरमधला छोटा पंप. फॉगरला दाब कमी पडला की तो धुकं न करता थेंब गाळतो, आणि बोअरच्या जड पाण्याचे क्षार त्याचं तोंड बंद करतात. बारदानाचं तोंड बंद होत नाही. आठवड्याला बदलायचं, इतकंच. आणि चारनंतर पाणी बंद. रात्री ओल्या पानांवर डाउनी, म्हणजे केवडा रोग, कशी येते ते द्राक्षवाल्यांना सांगायला नको.

एक बारीक गोष्ट. उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातलं पहिलं पाणी मनगटावर घेऊन बघा. चटका बसेल. ते बादलीत सोडा, रोपांवर नको.

जूनमध्ये हे सगळं उलटतं. ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत बारदान दोन-तीन अंशांपलीकडे काही देत नाही, तेव्हा ते काढून घ्या आणि फक्त वारा ठेवा. ज्यांना जाळी ताणणं जमत नाही त्यांनी छपरावर पातळ चुना मारावा, ताकाएवढा पातळ. त्यात फेव्हिकॉल मिसळायला लोक सांगतात, मिसळू नका. पावसाच्या पहिल्या दोन जोरदार सरींत चुना आपोआप धुऊन जातो, नेमका ढग येतात आणि रोपांना उजेड हवा होतो तेव्हा. आमच्याकडे त्याचे पांढरे ओघळ थेट तुळशीवृंदावनापर्यंत जातात, आणि मग दोन दिवस मी फरशी घासत असतो.