झाकली मूठ

[पडद्यावर: निरर्थक अक्षरांचा आणि आकड्यांचा एक चौकोनी ठोकळा]

हा ठोकळा नीट बघा. वर पाच आडव्या रेघा आणि 'बिगिन पीजीपी मेसेज'. खाली तशाच रेघा आणि 'एंड'. मधला मजकूर ज्याने लिहिला त्यालाही आता तो परत वाचता येणार नाही, आपल्यासाठी एक प्रत ठेव असं त्याने सॉफ्टवेअरला आधीच सांगितलं नसेल तर.

आत काय आहे ते आम्ही सांगतो. "चाचणी. मिळालं का? उघडतंय का?" आणि त्यावर आलेलं, तितकंच घट्ट बंद केलेलं उत्तर: "मिळालं. उघडलं."

बस. संगणकावर कुलूपबंद निरोप पाठवण्याच्या या छंदातले कितीतरी निरोप एवढेच असतात.

[पडद्यावर: उघडं कुलूप, मग दाबून बंद झालेलं]

आधी युक्ती समजून घेऊ. 'सार्वजनिक किल्ली' हे नाव जरा फसवं आहे, कारण ती किल्ली नाहीच, कुलूप आहे. नुसतं दाबलं की बंद होणारं. अशी उघडी कुलपं तुम्ही गावभर वाटून टाकायची. ज्याला तुम्हाला काही लिहायचं असेल त्याने ते पेटीत घालायचं, तुमचं कुलूप लावायचं आणि पेटी खुशाल चव्हाट्यावरून पाठवायची. उघडणारी किल्ली एकच, आणि ती तुमच्या घरात. ही खासगी किल्ली.

प्रत्यक्षात सगळा मजकूर या कुलपाने बंद होत नाही, ते फार संथ काम आहे. सॉफ्टवेअर दर निरोपाला एक नवी, एकदाच वापरायची किल्ली बनवतं, मजकूर तिने बंद करतं आणि तेवढी ती छोटी किल्ली तुमच्या कुलपात घालून सोबत जोडतं.

ही कल्पना 1976 साली डिफी आणि हेलमन यांनी जगापुढे मांडली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन यांनी ती गणितात उतरवली: दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार सोपा, पण गुणाकारावरून त्या संख्या शोधणं महाकठीण. (ब्रिटिश गुप्तहेर खात्यातल्या गणितज्ञांना हे काही वर्षं आधीच सुचलं होतं, हे 1997 पर्यंत बाहेर आलं नाही. गुप्त ठेवण्याच्या विद्येत हे साजेसंच.)

1977च्या ऑगस्टमध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात या तिघांचं आव्हान छापलं. 129 अंकी एक संख्या, तिने बंद केलेला एक निरोप आणि उघडणाऱ्याला 100 डॉलर. उघडायला अब्जावधी वर्षं लागतील असा हिशोब होता. लागली सतरा. 1993-94 साली सुमारे सहाशे हौशी लोकांनी आपापले संगणक रिकाम्या वेळात कामाला लावले, ईमेलने आकडे गोळा केले आणि आठेक महिन्यांत संख्या फोडली. निरोप उघडला. आत लिहिलं होतं: जादूचे शब्द आहेत 'स्क्विमिश ऑसिफ्रेज'. म्हणजे चटकन किळस येणारं, हाडं फोडून खाणारं गिधाड!

सतरा वर्षं राखलेलं गुपित हे. पण सहाशेंपैकी कुणाला आपले श्रम फुकट गेले असं वाटलं असेल, असं आम्हाला वाटत नाही.

[पडद्यावर: जुना संगणक, टेलिफोनला जोडलेला मोडेम]

1991. अमेरिकी सिनेटमधल्या 266 क्रमांकाच्या विधेयकात एक कलम आलं: सरकारला हवा तेव्हा संभाषणाचा उघडा मजकूर मिळेल अशी सोय कंपन्यांनी ठेवावी. अण्वस्त्रविरोधी चळवळीत काम केलेले प्रोग्रॅमर फिल झिमरमन यांनी ते वाचलं आणि हातातला प्रोग्रॅम घाईने पुरा करून जूनमध्ये फुकट वाटला. नाव ठेवलं 'प्रिटी गुड प्रायव्हसी', म्हणजेच पीजीपी. बऱ्यापैकी खासगीपणा. 'अभेद्य' म्हणायचा मोह त्यांनी टाळला, आणि बरंच झालं, कारण पहिल्या आवृत्तीत मजकूर बंद करायची पद्धत त्यांनी स्वतः रचली होती आणि ती कच्ची निघाली. पुढच्या वर्षी दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी ती काढून जाणकारांनी तपासलेली पद्धत घातली. कूट रचण्याचा मोह प्रत्येक हौशी माणसाला एकदा होतोच. तो घरातच जिरवावा.

त्या काळी अमेरिकेच्या निर्यात नियमांत भक्कम कूटलेखन शस्त्रास्त्रांच्या यादीत होतं. प्रोग्रॅम इंटरनेटवरून देशाबाहेर गेला आणि 1993 साली कस्टम्सने झिमरमन यांची चौकशी सुरू केली. ती तीन वर्षं चालली आणि जानेवारी 1996मध्ये आरोप न ठेवता बंद झाली. पण गंमत पुढे आहे. फ्लॉपी बाहेर नेणं गुन्हा. पुस्तक नेणं नाही. मग प्रोग्रॅमच पुस्तकरूपात छापला. पाचव्या आवृत्तीचे बारा खंड युरोपात नेऊन सत्तरहून जास्त हौशी लोकांनी पान न् पान स्कॅन केलं, चुका दुरुस्त केल्या, आणि हजाराहून जास्त तास खपून तोच प्रोग्रॅम पुन्हा उभा केला. पगार नाही, मानधन नाही. लष्करच्या भाकरी म्हणा हवं तर. जर्मनीत व्हेर्नर कॉख यांनी 1999 साली पीजीपीचंच काम करणाऱ्या जीएनयू प्रायव्हसी गार्डची पहिली पक्की आवृत्ती काढली, आणि आज बहुतेक हौशी मंडळी तेच वापरतात.

[पडद्यावर: कागदाच्या पट्टीवर चार-चारचे दहा गट]

गणित टिकलं. अडचण दुसरीकडेच होती: हे कुलूप नक्की कुणाचं? कुणीही कुणाच्याही नावाने किल्ली बनवू शकतो, आणि या किल्ल्या साठवून सगळ्यांना देणारे जुने की-सर्व्हर नाव तपासत नसत. मग किल्लीचा ठसा, म्हणजे तिची छोटी ओळखखूण, पडताळायचा. चाळीस अक्षरं-आकडे, प्रत्यक्ष भेटून. यासाठी लोक 'की-साइनिंग पार्टी' भरवतात. पार्टी म्हणजे काय, तर एका खोलीत रांगेने उभे राहून ओळखपत्र दाखवायचं, ठसा मोठ्याने वाचायचा, समोरच्याने कागदावर बरोबरची खूण करायची. संगणक शक्यतो बंद. लग्नाच्या याद्या परवडल्या! घरी गेल्यावर एकमेकांच्या किल्ल्यांवर सही करायची, म्हणजे मी याला ओळखतो, तू मला ओळखतोस, तर तूही याच्यावर विश्वास ठेव. जून 2019मध्ये कुणी तरी याच सोयीचं हत्यार केलं. काही नामवंतांच्या किल्ल्यांवर दीड लाखाच्या आसपास खोट्या सह्या चढवल्या, आणि ती किल्ली उतरवून घेणाऱ्याचं सॉफ्टवेअर ओझ्यानेच बसलं.

आणि वापरायला हे सगळं अवघड. 1999च्या एका प्रसिद्ध अभ्यासात बारा जणांना दीड तास दिला होता. सही करून, बंद करून निरोप पाठवणं जेमतेम एकतृतीयांश लोकांना जमलं. डिसेंबर 2012मध्ये पुढे अमेरिकी हेरखात्याची गुपितं बाहेर आणणारे एडवर्ड स्नोडेन यांनी नाव न सांगता पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांना लिहिलं: पीजीपी बसवा. पायरी-पायरीचा व्हिडिओसुद्धा पाठवला. ग्रीनवाल्ड यांनी ते टाळलं. शेवटी स्नोडेन चित्रपटकार लॉरा पॉइट्रस यांच्याकडे वळले, त्यांना ते येत होतं.

ज्याच्याकडे गुपित येणार त्याच्याकडे कुलूप नाही, आणि ज्यांच्याकडे चांगली कुलपं ते एकमेकांना "चाचणी, मिळालं का?" लिहितात. हसू येईल. पण झिमरमन यांचं म्हणणं आठवा: सगळे जण पोस्टकार्डच लिहीत असतील तर पाकीट वापरणारा एकटा माणूस लगेच डोळ्यात भरतो. कोण कुणाला कधी लिहितो हे तर या सॉफ्टवेअरने झाकलं जात नाही, विषयाची ओळही बहुधा उघडीच जाते. ज्याला खरंच लपवायचंय त्याला लपायला गर्दी लागते. ती गर्दी या रिकाम्या पाकिटांची. झाकली मूठ सव्वा लाखाची ती अशी: कुठल्या मुठीत काय आहे हे बाहेरून कळता कामा नये.

[पडद्यावर: लुकलुकणारा कर्सर, पासफ्रेजची रिकामी चौकट]

हे निवेदन लिहिणाऱ्याचीही एक किल्ली आहे. पहिलीवहिली. उत्साहाच्या भरात लांबलचक पासफ्रेज (खासगी किल्ली वापरण्यासाठीचं परवलीचं वाक्य) ठेवली, मुदत घातली नाही, रद्द करण्याचा दाखला करून ठेवला नाही, आणि महिन्याभरात पासफ्रेज विसरलो. त्या जुन्या सर्व्हरांवरून काही पुसता येत नसे. किल्ली पसरली ती पसरलीच, माझ्या नावाने, माझ्या पत्त्यासह.

काही वर्षांनी त्या किल्लीने बंद केलेला एक निरोप आला. अनोळखी पत्ता, विषयाच्या ओळीत नुसती तीन टिंबं. मी त्याला उघड्या ईमेलने कळवलं की हे मला उघडता येत नाही, नवी सार्वजनिक किल्ली सोबत जोडली आहे. उत्तर आलं नाही.

तो ठोकळा अजून ठेवलाय. तुम्ही सुरुवातीला पाहिलात त्याच्यापेक्षा चार ओळी लांब आहे. चाचणीच असेल बहुधा.