नखाएवढा शिंपला आणि आपली बंदरं

नमस्कार श्रोतेहो.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला डार्विन नावाचं शहर आहे. तिथं भरती-ओहोटीला समुद्राचं पाणी सात-आठ मीटर चढतं-उतरतं, म्हणून लहान बोटींसाठी दरवाजे असलेल्या बंदिस्त गोद्या बांधल्या आहेत. मार्च १९९९ मध्ये त्यातल्या एका गोदीत पाणबुडे पाहणीसाठी उतरले. भिंती, खांब, दोर, बोटींचे तळ, जिकडंतिकडं नखाएवढे शिंपले चिकटले होते. काही ठिकाणी तर एका चौरस मीटरवर वीस हजारांहून जास्त. सहाच महिन्यांपूर्वीच्या पाहणीत त्यातला एकही दिसला नव्हता.

हा शिंपला मूळचा कॅरिबियन समुद्राकडचा. शास्त्रज्ञ त्याला मायटिलोप्सिस सॅलेई म्हणतात. पूर्ण वाढला तरी जेमतेम अडीच सेंटिमीटरचा. अळी असताना थोडे दिवस तो पाण्यात तरंगतो, मग एकदा चिकटला की बहुतेक तिथंच. असा जीव आपल्या बळावर महासागर ओलांडत नाही. आपली जहाजं त्याला नेतात. आपल्याकडं तर तो डार्विनच्या कितीतरी आधी पोचला: १९६७ साली विशाखापट्टणमच्या बंदरात तो सापडला, आणि त्यानंतर काही वर्षांत मुंबईतही.

माल उतरवला की जहाज हलकं होतं. तोल राखायला त्याच बंदराचं पाणी टाक्यांत भरून घेतात. याला बॅलास्ट पाणी म्हणतात. मोठ्या जहाजात ते हजारो टन असतं. पुढच्या बंदरात माल चढवताना ते सोडून देतात, आणि त्याबरोबर अंडी, अळ्या, शेवाळ सगळं तिथं उतरतं. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा जेलीसारखा एक प्राणी असाच काळ्या समुद्रात पोचला. तिथली अँकोव्ही मासळी बेसुमार मासेमारीनं आधीच खंगली होती. या प्राण्यानं तिची अंडी खाल्ली, पिल्लांचं खाद्यही खाल्लं, आणि कोळ्यांचा धंदा बसला.

जहाजाच्या तळाला चिकटूनही जीव येतात. कोळीवाड्यातल्या माणसाला हे मी काय सांगणार? होडी फार दिवस पाण्यात राहिली की तळाला काय काय धरतं, ते त्यानं हातानं खरवडून काढलेलं असतं.

पण नुसतं आणून सोडलं म्हणून कुणी रुजत नाही, आणि माझं सगळं बोलणं खरं तर इथं येऊन थांबतं. उघड्या खडकावर लाटांचा मारा असतो. तिथं कालवं आणि शिनाणे आधीच ठाण मांडून बसलेले असतात, नव्याला सहजी जागा मिळत नाही. बंदरात आपण बांध घालून लाट अडवतो, काँक्रीटच्या कोऱ्या भिंती उभ्या करतो, त्यातच सांडपाणी सोडतो. असल्या पाण्यात तिथले मूळचे बरेच जीव तग धरत नाहीत. या शिंपल्याला मात्र गोडं, मचूळ, खारं, कुठलंही पाणी चालतं, आणि महिन्याभरात तो अंडी घालण्याजोगा होतो. त्याच्यासाठी जागा आपणच रिकामी केलेली असते.

समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकनंही आपण अशा जीवांना अशीच जागा करून देतो. २०११ च्या त्सुनामीनं जपानच्या किनाऱ्यावरचे तरंगते धक्के, बोटी, पिंपं ओढून नेली. पुढची कित्येक वर्षं ती पॅसिफिकपलीकडं अमेरिकेच्या किनाऱ्याला लागत होती. त्यांवर जपानच्या समुद्रातल्या जवळपास तीनशे जाती जिवंत सापडल्या. लाकूड एवढ्या वर्षांत किड्यांनी पोखरून संपवलं असतं. प्लास्टिक टिकलं.

डार्विनमध्ये लोकांनी गोद्यांचे दरवाजे बंद केले आणि आत दीडशे टनांहून जास्त ब्लीच आणि काही टन मोरचूद ओतलं. शिंपले मेले. त्यांच्याबरोबर आतले इतर जीवही मेले, हे सांगताना मला वाईट वाटतं. आधीच बाहेर पडलेल्या शेकडो बोटी शोधून काढून तपासल्या, आणि शिंपला तिथून खरोखरच नाहीसा झाला. वेळीच दिसला आणि पाण्याला दरवाजा होता, म्हणून हे जमलं. ठाण्याच्या खाडीला कुठून दरवाजा लावणार?

बॅलास्ट पाण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार २००४ साली झाला, लागू व्हायला मात्र ८ सप्टेंबर २०१७ उजाडला. त्याच्या तयारीसाठी जगातली सहा बंदरं निवडली होती, त्यात मुंबई होती. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेव्हा मुंबईच्या बंदरांतल्या जीवांची पाहणी केली. अशी पाहणी मला फार मोलाची वाटते. घरात आधी काय होतं ते ठाऊक असेल, तरच नवं काय शिरलं ते कळतं.

तुमची होडी असेल, तर तळाचं खरवडलेलं पुन्हा पाण्यात लोटू नका, किनाऱ्यावर उन्हात कडक वाळू द्या. आणि धक्क्याला बांधलेला दोर वर ओढताना त्याला कधी न पाहिलेलं काही चिकटलेलं दिसलं, तर फोटो काढा आणि जवळच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात नेऊन दाखवा. नमस्कार.